दुष्टांचे परीक्षक

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आपल्याकडे काय उरलं, यावर भंडाऱ्यात पुष्कळ हळहळ झाली. पण दुष्टांच्या बाबतीत आमचा जिल्हा आजही स्वयंपूर्ण आहे, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या मोठ्या साडूंना जातं. सिनेमातल्या खलनायकांचे वीतभर उंचीचे पुतळे, तेही हातपाय वळणारे, त्यांच्या घरात इतके आहेत की चोरसुद्धा आत शिरायला बिचकेल. नायक एकही नाही. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "हिरोचं काय हाय गा, आईबापानं देल्लेला चेहरा घेऊन उभा राह्यला का झालं. दुष्टाले मेहनत लागते."

साडूंचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. पण मुंबई-दिल्लीचे संग्राहक त्यांना ओळखतात ते पुतळ्यांचे परीक्षक म्हणून. नवा खलनायक बाजारात आला की साडू मोबाइलसमोर बसतात, "नमस्कार, संग्राहक मित्रहो" असं पाठ्यपुस्तकी मराठीत सुरू करतात आणि मग पुतळ्याला दुकानातल्या पितळी गुंडासारखं, म्हणजे पाण्याच्या कळशीसारखं, बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी धरतात. प्लास्टिक ते, बद्दच वाजणार! पण साडूंना त्यातही फरक ऐकू येतो. नजरेची परीक्षा तर दुकानातच होते. पुतळा गल्ल्यावर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचा. गिऱ्हाईक घासाघीस न करता गेलं तर नजरेला पूर्ण गुण. माझ्या मेहुणीचं म्हणणं असं, की हे गुण खरं तर साडूंच्या स्वतःच्या नजरेला मिळायला हवेत.

घरातला कडक नियम एकच: हात लावायचा नाही. पाहुण्यांनी नाही, मेहुणीनं नाही, आणि पुण्याहून पोळ्याला येणाऱ्या एकुलत्या एका नातीनं तर मुळीच नाही. गेल्या वर्षी ती जाताना आजीला म्हणाली, "आबाजींच्या घरी फक्त बघायचं असतं." यंदा ती यायलाच तयार नव्हती. मेहुणीनं फोनवर हातापाया पडून तिला बोलावलं आणि साडूंना बजावलं, "या खेपेले पोर रुसून गेली त पुन्हा येनार नाई, सांगून ठेवतो." साडूंनी मान हलवली. पण त्यांचं चित्त दुसरीकडे होतं.

ते होतं एका डब्यात. काळा झगा, एक डोळा झाकलेला, ओठावर छद्मी हसू, असा एक दुर्मिळ खलनायक उन्हाळ्यात त्यांच्या हाती लागला होता. त्याचे सांधे वळतात का, एवढंच संग्राहकांना हवं होतं. ते पाहायचं तर डबा फोडावा लागणार, आणि डबा फोडला की पुतळ्याचा कोरेपणा गेला. म्हणून साडूंनी बाहेरूनच परीक्षण चालवलं. आधी डब्याच्या कोपऱ्यांचं, मग झाकणाचं, मग चिकटपट्टीचं. संग्राहकही त्याच जातकुळीचे. चिकटपट्टीच्या भागाला त्यांनी सर्वांत जास्त दाद दिली म्हणे.

आमच्या गल्लीतल्या तान्ह्या पोळ्याचे परीक्षकही साडूच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून ओढत आणतात आणि सर्वांत चांगल्या बैलाला बक्षीस मिळतं. गेल्या वर्षी साडूंनी पहिला नंबर दिला तो दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच न काढलेल्या बैलाला. शेरा काय, तर "मूळ वेष्टनात"! बाकीच्या बैलांचे गुण चाकं घासली म्हणून कापले. आयांनी ते अजून विसरलेलं नाही.

यंदा रांगेत नात आली. तिच्या बैलाच्या पाठीवर दोऱ्यानं बांधलेला, झगा कमरेला खोचलेला, कपाळावर गुलाल माखलेला, डब्यातला तो एकडोळ्या बसला होता. साडूंचा चेहरा पितळेचा झाला. मेहुणीनं पदर तोंडाला लावला.

"बैलाला हाकायला कुणीतरी हवा ना, आबाजी," नात म्हणाली. आवाज रडकुंडीला आलेला.

साडूंनी पुतळा सोडवून हातात घेतला. मान वळवून पाहिली. गुडघा वळवला. आणि माझ्याकडे वळून ओरडले, "वळते गा! गुडघा वळते!" त्या आनंदात त्यांनी उजवा हात फिरवला, तो कट्‌कन त्यांच्याच मुठीत आला.

"आबाजी, तुम्ही तोडलात!"

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातांना भ्यालेला माणूस स्वतःच आरोपी झाला. मग ते जे हसले, ते मी कधी पाहिलं नव्हतं. नातीनं तो हात काढून घेतला. "मी पुण्याला नीट चिकटवून आणते," म्हणाली. पुतळा तर इथेच राहणार, मग कशाला काय चिकटवायचं हे तिला कोणी विचारलं नाही. ती एसटीत बसली तेव्हा हात तिच्या मुठीत होता.

आता तो खलनायक दुकानात गुंड-घागरींमध्ये एका हातानं उभा असतो. कपाळावरचा गुलाल साडूंनी पुसलेला नाही. संग्राहक परीक्षण मागून थकले. परवा मी म्हटलं, "भाऊजी, तसलाच हात मागवून जोडून टाकू का?"

"काहून?" साडू दचकून म्हणाले. "याचा हात तिच्यापाशी हाय. आनाले येनच पडल न तिले."

मग त्यांनी पुतळा उचलून बसस्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि स्वतःही तिकडेच बघत बसले.