मेंदीखालची काच

जेद्दाच्या एका खाजगी मुलींच्या शाळेत मी काचकाम शिकवत होते. मोठ्या वर्गांना आठवड्यातून दोनदा हा प्रात्यक्षिकाचा तास असे. रंगीत काच कापायची, कडा घासायच्या, तांब्याची पट्टी चिकटवायची, डाख देऊन तुकडे जोडायचे आणि शेवटी भट्टीत एकदोन वस्तू भाजायच्या. मुली चांगल्या घरच्या होत्या. घरी पाण्याचा पेला उचलायलाही बाई असे, पण काच हातात आली की त्या गप्प बसून काम करत. मला तेवढं पुरे होतं.

सौदीकरणाची सक्ती वाढली तशी शाळेत एकेक जागा सौदी बायकांना जाऊ लागली. आधी ऑफिस, मग लायब्ररी, मग चित्रकला. एका सकाळी मुदीराने, म्हणजे मुख्याध्यापिकेने, मला बोलावलं आणि सरळ सांगितलं की काचकामाची जागाही आता सौदी बाईला द्यायची आहे. ती बाई सहामाहीभर माझ्या हाताखाली राहील. तिला वर्ग एकटीने घेता आला की माझा इकामा, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, पुढे वाढणार नाही. नवरा तेव्हा जुबेलच्या एका प्लांटवर होता आणि त्याच्याही कंपनीत माणसं कमी होत होती. मी हो म्हटलं. नाही म्हणून काही मिळणार नव्हतं.

शाळेत चहा आणि साफसफाईला रत्नागिरीकडची एक मावशी होती, तिला सगळे खाला म्हणत. माझ्याशी ती मराठीत बोले. तिला हे सगळं माझ्या आधी कळलेलं असे.

"बाई," ती म्हणाली, "आपल्याच खुर्चीचा पाय कापताय, तो पण नीट मोजून."

"वाकडा कापला तर पडल्यावर जास्त लागेल," मी म्हटलं.

नवी आलेली बाई तिशीची होती. घटस्फोट झालेला, एक लहान मुलगी, राहायला भावाच्या घरी. पहिल्याच आठवड्यात तिने मला स्वतःहून सांगितलं की पगाराचं तिला फारसं काही नाही, बँकेचं कार्ड भावाकडेच असतं. तिला रोज सकाळी घराबाहेर पडायला एक कारण हवं होतं. घरात वहिनी, वहिनीची आई, दिवसभर टीव्ही आणि कोपऱ्यातली एक खोली. भावाने परवानगी दिली ती टीचर म्हणून. टीचर म्हणजे फळ्यासमोर उभी राहून बोलणारी बाई, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. काचेचं काम हाताने करतात, हे तिने घरी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी ती काळे हातमोजे घालूनच कामाला बसली. मी काढायला लावले. मोजा घातला की बोटाला काच कळत नाही. दाब किती द्यायचा, कड कुठे धारदार राहिली आहे, ते सगळं बोटाच्या टोकाला कळतं. मी अजूनही सगळ्यांना मोजे काढायला लावते. डोळ्यांवर चष्मा, अंगात एप्रन, पायात बंद बूट, हात मोकळे.

तिला काम लवकर आलं. कटर एका दमात ओढायचं, मध्ये थांबायचं नाही, हे समजायला मुलींना महिना लागतो. तिला आठवडा लागला. गोलाई तर ती माझ्याइतकी साफ कापायची. मुलींना सांगायची पद्धतही बरी होती. एक मुलगी काच तोडायला घाबरून डोळे मिटायची, तेव्हा ही तिला म्हणाली, "पुढे नवऱ्याकडे रागाने बघशील तसं बघ, मग आपोआप तुटेल." वर्ग हसला. मुलगी चौदा वर्षांची होती, तीही हसली आणि काच सरळ रेषेत तुटली.

सहामाही अर्धी होता होता मला कळून चुकलं की माझं काम संपत आलं आहे. मुदीराला मी तसं सांगितलंही.

त्याच सुमारास तिने मेंदी लावायला सुरुवात केली. हातावर नक्षी नाही, फक्त बोटांची टोकं, पेरांपर्यंत गडद, जवळजवळ काळी. इथल्या बायका अशी लावतात, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. थोडी फिकी झाली की ती पुन्हा लावून यायची. एकदा खाला म्हणाली, हिच्या घरी रोज कुणाचं लग्न असतं? ती नुसती हसली.

काचकामात बोटं कापतातच. आपण धुतो, औषध लावतो, पट्टी बांधतो. पण पट्टी बांधून ती घरी गेली असती तर तिला विचारणा झाली असती. म्हणून ती शाळेतून निघताना पट्टी काढून टाकायची आणि घरी जखमेवर मेंदी थापायची, हे मला नंतर कळलं. मेंदी थंड असते, जखम भरते, असं तिची आई म्हणत असे. आणि मेंदीखाली काप दिसत नाही. एकदा उजव्या तर्जनीत, मधल्या पेराशी, काचेची बारीक कणी राहून गेली. त्यावरही तिने मेंदी लावली. लाल झालेली कातडी काळ्या रंगाखाली कुणालाच दिसली नाही, मलाही नाही.

एका सकाळी ती आली तेव्हा बोट जाड झालं होतं आणि तिला ते वाकवता येत नव्हतं. हात धरला तर गरम लागला. मी तिला शाळेच्या नर्सकडे नेलं, नर्सने बघताक्षणी हॉस्पिटल सांगितलं. तिच्या घरची गाडी दुपारशिवाय येणार नव्हती. शाळेच्या गाडीतून मी आणि खाला तिला घेऊन गेलो. वाटेत ती फक्त एवढंच म्हणत होती की भावाला नका कळवू.

डॉक्टर म्हणाले, पू बोटाच्या शिरेच्या नळीत गेला आहे, आजच उघडावं लागेल. आणि घरच्या पुरुषाची सही लागेल. मग कळवावंच लागलं.

भाऊ आला. आवाज चढवला नाही. सही केली, पेन परत दिलं आणि माझ्याजवळ येऊन इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तिला शिकवत होता की मजुरीला लावलं होतं?"

"शिकवत होते. काच हातानेच कापतात."

"घरी मी सांगितलं होतं, बहीण टीचर आहे."

"टीचरच आहे. चांगली आहे."

"आमच्याकडे टीचरचे हात असे नसतात," तो म्हणाला आणि फोन घेऊन बाजूला गेला.

बोट वाचलं, पण ताठ राहिलं. महिन्याभराने ती एकदा शाळेत आली, भावाला हॉस्पिटलच्या तपासणीचं सांगून. कटरवर दाब तर्जनीचा लागतो. मी तिला कटर मुठीत धरायला लावलं. पहिल्या दोन काचा वाया गेल्या, तिसरी सरळ तुटली. ती म्हणाली, "मला येतं, मिस. तुम्ही मुदीराला सांगा." मुठीत धरायचं, पिस्तुलासारखी मूठ असलेलं कटरही मिळतं. मी ते मागवून घेईन म्हटलं आणि तशीच मुदीराच्या खोलीत गेले.

मुदीराने ऐकून घेतलं. मग म्हणाली की कटर मागवायची गरज नाही. भावाशी बोलणं झालं आहे. बहिणीचं नाव नोकरीत राहू द्या, पगार चालू राहू द्या, पण ती शाळेत येणार नाही, असं त्याने कळवलं होतं. शाळेला ते सोयीचं होतं. सरकारी तपासणीत माणसं नाही, यादीतली नावं मोजतात.

"ती शिकवू शकते," मी म्हटलं.

"ती घरी बसली तरी सौदीच आहे," मुदीरा म्हणाली. "वर्ग तुम्ही घ्या."

काचकामाची जागा तिच्या नावाने भरलेली असल्याने माझा इकामा टीचर म्हणून वाढवता येईना. पुढे तो सफाई कामगार म्हणून वाढवला. खालाला हे सांगितलं तेव्हा तिने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"या बाई," ती म्हणाली. "आता झाडू कुठला घेताय, लांब दांड्याचा की आखूड?"

त्या दिवशी मुदीराच्या खोलीतून मी वर्गात परत आले तेव्हा नवी बाई अजून टेबलापाशी होती, चौथी काच समोर घेऊन. मी तिला सांगितलं. आडवळणाने सांगायची मला सवय नाही. तिने विचारलं, पगार मिळेल? मी हो म्हटलं. भावाच्या कार्डावर? मी हो म्हटलं. मग तिने अंगावरचा काळा झगा, अबाया, सारखा केला, हातमोजे घातले. ताठ बोट मोज्यात शिरेना, तेव्हा मी तो ओढून बसवला. गाडी आली होती.

पुढे काही आठवडे ती तासाच्या वेळेला फोन करायची. आज काय घेतलं, विचारायची. मी सांगायचे: कडा घासणं, डाख, भट्टी. मागे टीव्हीचा आवाज असे. मग तो नंबर बंद झाला. पगार मात्र तिच्या नावाने दर महिन्याला जात होता, हे मला ऑफिसातल्या बाईकडून कळत राहिलं, मी तिथे होते तोपर्यंत.