लुईच्या चौथऱ्यावरचा हार

उदगीरच्या एसटी आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले रावसाहेब सोनकांबळे कुठल्याही गावात शिरले की आधी चौकातला पुतळा शोधायचे. पुतळ्याला हार, मग चहा, मग पाहुण्यांचं घर. सोयरीक जमवायला गेले तरी पाहुणे दारात ताटकळत उभे आणि रावसाहेब चौकात चपला काढून उभे. जिवंत माणसापुढे वाकायचा मात्र त्यांना भयंकर तिटकारा. आगारात एकदा मोठ्या साहेबांचे गुरुमहाराज आले, तर अख्खं आगार पाया पडलं. मेकॅनिक लोक तर ग्रीसच्या हातांनी पडले. रावसाहेबांनी लांबूनच ‘जय भीम’ घातला आणि लातूर गाडी सोडायला निघून गेले. त्यानंतर त्यांची ड्यूटी फिरली, पण मान वाकली नाही.

असे हे रावसाहेब उन्हाळ्यात मुलाकडे, राजरत्नकडे, परदेशात एटोबिकोला आले आणि पुतळ्यांवाचून कासावीस झाले. त्याच्या कॉन्डोच्या इमारतीच्या आसपास प्लाझा, ग्रोसरी आणि पार्किंग. चौक म्हणावा असा चौक नाही. शेवटी मॉन्ट्रियलच्या आंबेडकरी मंडळींनी त्यांना बोलावून शाल आणि हार देऊन सत्कार केला, तेव्हा कुठं जीव जरा थाऱ्यावर आला. दुसऱ्या दिवशी राजरत्नने गाडी तशीच पुढं क्यूबेक सिटीला नेली. हार मागच्या सीटवर होता.

तिथं जुन्या दगडी घरांच्या मधोमध एक फरसबंद चौक, आणि चौकात खरोखरचा पुतळा. खांद्यापर्यंत कुरळे केस बघून रावसाहेबांना आधी ती कुणी बाई वाटली.

“लुई चौदावा, बाबा. फ्रान्सचा राजा,” राजरत्न म्हणाला. “हा चौक त्याचाच. तिकडं नोव्हा स्कोशियात तर त्याच्या नावाचा अख्खा किल्ला आहे. इथं तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती, त्यात पुरुषच जास्त, म्हणून त्याने फ्रान्सहून लग्नाच्या मुली पाठवल्या. आहेर सरकारी खर्चाने.”

“म्हणजे सामुदायिक विवाह लावले?”

“तसंच समजा.”

“मग भला माणूस दिसतो.”

रावसाहेबांनी स्वतः उदगीरला सामुदायिक विवाहांचे मांडव घातले होते. त्यात राजरत्नने सांगितलं, की जुना पुतळा रहदारीच्या आड येतो म्हणून व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि तो हलवला; हा पुढं नव्याने बसवलेला. हे ऐकल्यावर तर रावसाहेबांना राजा अगदी आपल्या तालुक्यातला वाटायला लागला. त्यांनी गाडीतून हार आणला, बूट काढले, हात पुरेना म्हणून हार चौथऱ्यावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. राजरत्नने फोटो काढला. फोटो लगेच उदगीरच्या ‘समता’ ग्रुपवर गेला.

नात कोमल तेवढा वेळ पलीकडच्या गल्लीत आइसक्रीमच्या रांगेत होती. आजोबांनी तिथल्या बाकावर बसून तिला कौतुकाने फोटो दाखवला. ती एटोबिकोच्या शाळेत फ्रेंचमधून शिकते. फोटो बघून तिचा आइसक्रीमचा कोन तोंडाशीच थांबला.

“आजोबा, व्हाय वुड यू डू दॅट? ही साइन्ड द कोड नुआर.”

“काय म्हणते ही?”

“काळ्या गुलामांसाठीच्या कायद्यावर याने सही केली म्हणते,” राजरत्न जरा सांभाळून बोलला. “तिकडं कॅरिबियन बेटांवर लावला होता. माणसं कशी ठेवायची, त्याचा.”

“ठेवायची म्हणजे?”

कोमलने फोनवर कलम काढलं, राजरत्नने मराठी केलं. गुलाम पळाला आणि महिनाभर सापडला नाही, तर कान कापायचे आणि खांद्यावर तापल्या लोखंडाने राजचिन्हाचं फूल डागायचं. दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची. तिसऱ्यांदा...

“कसलं फूल?”

कोमलने समोर बोट केलं. हॉटेलावर, दुकानावर, खांबाखांबावर क्यूबेकचा निळा झेंडा, आणि त्यावर ती पांढरी फुलं. सकाळपासून रावसाहेब त्यांना कमळं म्हणत होते.

त्यांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.

“बाबा, तीनशे वर्षं झाली त्याला. सोडा आता,” राजरत्न म्हणाला.

“आपल्याला पण लोक हेच म्हणतात,” रावसाहेब म्हणाले आणि उठले.

चौकात परत येऊन बघतात तर आणखी एक धक्का. हार बघून एक भारतीय कुटुंब थांबलं होतं. आई लेकराचं डोकं चौथऱ्याला टेकवत होती. “कोई संत होंगे,” बाप म्हणत होता.

“संत नहीं है,” रावसाहेब पुढं होत म्हणाले. “बच्चे को उठाइए. हार मेरा है, गलती मेरी है.”

ते लोक चमकून बाजूला झाले. रावसाहेबांनी हार उचलला. तोवर ग्रुपवर उत्तरं यायला लागली होती. कुणी हात जोडले होते, कुणी विचारलं होतं, ‘थोर पुरुष कोण? जयंती कधी असते?’

“डिलीट फॉर एव्हरीवन करा,” राजरत्न म्हणाला, “विषय संपला.”

“राहू दे. मी वाकलो ते दिसू दे, आणि कुणापुढं ते पण कळू दे.”

एका बोटाने टाइप करत त्यांनी फोटोखाली आगाराच्या सूचनेसारखी सूचना टाकली: ‘सदर राजाने पळणाऱ्या माणसांचे कान कापण्याचा कायदा केला. हार काढून घेण्यात आला आहे. जयंती करू नये.’

मग ते समोरच्या दगडी घराच्या पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच हातात हार होता आणि तो कुणाला घालायचा ते कळत नव्हतं.

“कोमल, त्या पळालेल्यांपैकी कुणा एकाचं नाव सांग बाळा.”

कोमल पान वर-खाली करत राहिली. आइसक्रीम वितळून तिच्या मनगटावर आलं.

“देअर आर नो नेम्स इन इट, आजोबा. जस्ट रूल्स.”

“एक पण नाही?”

तिने नाही अशी मान हलवली.