अव्वानं मागितलेली संमती

सल्लेखनेचा निकाल आला त्या वर्षी माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर गप्प राहिला. एरवी तो आमच्या मळ्यात बोलला की कुंडलच्या वेशीवर ऐकू येतं. पण सांगलीला निघालेला आम्हा जैनांचा मोर्चा मूक होता. पांढरा सदरा-लेंगा घालून, फलक धरून तो पहिल्या रांगेत चालला. दूरच्या एका राज्यातल्या न्यायालयानं म्हटलं होतं, की आयुष्याच्या शेवटी व्रत घेऊन अन्नपाणी हळूहळू सोडणं ही आत्महत्याच आहे, आणि जो त्याला साथ देईल तो गुन्हेगार. पुढे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. स्थगितीच, निकाल नाही. ते भिजत घोंगडं अजून तसंच आहे.

मी तेव्हा कऱ्हाडजवळ, मलकापूरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. जिभेला हाड नाही म्हणून माहेरी माझी ख्याती. दिवाळीला गेले तेव्हा भावाला म्हणाले, धर्म म्हटलं की कायद्यानं दाराबाहेर थांबायचं असेल, तर सतीची चाल कधी बंदच झाली नसती. नको झालेल्या म्हातारीला कुणी व्रताचं नाव देऊन उपाशी ठेवलं, तर तिनं कुणाकडे बघायचं? भाऊ भडकला. बाईमाणसानं चार बुकं शिकली की धर्म बुडतो, असं काहीबाही बोलला. आमची आई, म्हणजे अव्वा, शेजारी पावटा सोलत बसली होती. भाऊबीज कशीबशी उरकली आणि पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मग काही वर्षांनी अव्वाची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा भाऊ तिला सांगलीला डायलिसिसला न्यायचा, आणि संध्याकाळी पिळून काढलेली अव्वा परत आणायचा. हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, बरं होण्यातलं हे नाही, चालेल तोवर चालवायचं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती गाडीत बसलीच नाही. काठी टेकत गल्लीत गेली आणि दारोदार क्षमा मागू लागली. बांधावरून जिच्याशी तिचं निम्मं आयुष्य भांडण चाललं होतं, त्या शेजारणीच्याही कट्ट्यावर जाऊन हात जोडून आली. आमच्यात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. दुपारपर्यंत बायका तिच्या पाया पडायला येऊ लागल्या, आणि भावानं घाबरून मला फोन केला.

मी पोचले तेव्हा अव्वा सोप्यात गोधडीवर बसली होती, कितीतरी महिन्यांत नव्हती इतकी शांत. जवळच्या गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. सल्लेखनेचं व्रत द्या म्हणून तिनं त्यांना निरोप पाठवला होता आणि उत्तर आलं होतं, की आधी मुलांची संमती घ्या. तेवढ्यासाठी ती थांबली होती.

भाऊ मान खाली घालून बसलेला. त्याच्या मुलाची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती, पोलिसांची पडताळणी व्हायची होती. नात्यातल्या एका वकिलानं त्याला सांगितलं होतं, की स्थगिती उद्या उठली आणि कुणी तक्रार केली, तर गुन्हा घरातल्या सगळ्यांवर, त्या पोरावरही, दाखल होईल. आयताच सापडला म्हणून मी त्याला विचारलं, फलक धरून चालताना हे सुचलं नव्हतं का?

"मोर्चा समाजासाठी हुता," तो म्हणाला. "ही माजी अव्वा हाय."

आणि तो रडायला लागला. पडताळणीचं खरं नव्हतं, किंवा तेवढंच खरं नव्हतं. त्याला आई सोडवत नव्हती, एवढंच. माझा राग तिथंच गळाला.

अव्वा माझ्याकडे वळली. "तू तरी सांग. तुजा कायदा काय म्हंतोय?"

व्रताच्या आड काय काय चालू शकतं याची भीती मला तेव्हाही होती, आजही आहे. कायदा हवाच. पण तो त्या बाईजवळ बसून तिला विचारणारा हवा, आणि तसा तो कुठल्याच पुस्तकात मला सापडला नाही. माझ्यासमोर बसलेल्या बाईवर कुणाची जबरदस्ती नव्हती. मी म्हणाले, अव्वा, माझी संमती आहे.

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, ज्याच्या घरात मरायचं त्याचा होकार पाहिजे, लेकीच्या होकारावर कसं जाता येईल? भावानं होकार दिला नाही. संध्याकाळी तिनं त्याच्या हातून पेज घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. तिला मोडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे महिन्याभरात तिला धाप लागली आणि सांगलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. ती नळी उपसते म्हणून तिचे हात पट्टीनं कॉटला बांधले. अव्वानं लग्न होऊन आल्यापासून दिवस मावळल्यावर तोंडात काही घातलं नव्हतं, आजारपणातसुद्धा नाही. इथं नर्स ठरल्या वेळी पातळ अन्न घेऊन यायची. मी तिला विनवलं, की उजेड आहे तोवरच द्या. ती भली पोरगी होती, पण म्हणाली, मावशी, डॉक्टरांनी लिहिलंय तसं मला द्यावंच लागतं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला नर्स आली तेव्हा अव्वाची नजर खिडकीकडे गेली. भाऊ चटकन उठला, पडदा ओढला आणि खोलीतले सगळे दिवे लावले.

"दिवस हाय अजून, अव्वा," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघून हसली, लहान मुलाची थाप पकडल्यावर हसतात तशी.

"आंधार पडलाय रं बाळा," ती म्हणाली. नर्सनं नळीचं तोंड उघडलं, आणि भावानं तिचे बांधलेले हात आपल्या हातात धरून ठेवले.