कोंबडीवाला कोर्बिनियन

किर्नबाखमध्ये दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या मायरलाच लागणार. पूर्वी मठाच्या जमिनीवर देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला मायर म्हणत. आमच्या गावाला म्हणे मठाने एकच कारभारी दिला होता, पण तो भलताच उद्योगी निघाला. तेच त्याच्या पोरासोरांचं आडनाव झालं, आणि पाद्रीबुवांनी ते लहर लागेल तसं लिहिलं. कुणाच्या मायरमध्ये वाय, कुणाच्यात आय, आणि बारशाची बियर जास्त झाली असेल त्या दिवशी मधला ई सपशेल गायब. सख्खे भाऊ वेगवेगळ्या आडनावांनी शेजारी शेजारी पुरलेत, बोला आता!

त्यामुळे आडनाव सरकारदरबारापुरतं. गावात चालतं ते घराचं नाव. जो ज्या घरात राहील त्याला ते चिकटतं, मग तो जन्माने कुणी का असेना.

कोर्बिनियन मायर जन्मला गाडे बनवणाऱ्या वाग्नरांच्या घरात. धाकटा, म्हणजे वाट्याला काही नाही. पण गडी देखणा, मिशा पिळदार, बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे ते खर्जात घुमणारं भलंमोठं पितळी वाद्य, वाजवायचा. बुर्गी त्याच्यावर भाळली. ती घरची एकुलती एक, म्हणून तो घरजावई झाला, आणि ते घर होतं कोंबडीवाल्यांचं. कोण्या जमान्यात तिथून मठाला खंड म्हणून कोंबड्या जात. आता त्या अंगणात कोंबडीचं पीसही नव्हतं. तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो पाव आणायला गेला, तर बेकरीवालीने हाक मारली, "काय कोंबडीवाले, झोप झाली का?"

झालं, जन्माचं लागलं. त्याने फाटकावर 'मायर, सुतार' अशी छान कोरीव पाटी लावली, तर लोक पाटी वाचून विचारायचे, हा कुठला मायर? आणि उत्तर मिळायचं, अहो, कोंबडीवाला. अग्निशमन दलाचा प्रमुख झाला, तेव्हा पंगतीत कुणीतरी हळूच 'कॉक् कॉक्' केलं. चिडला की त्याच्या मिशा थरथरायच्या, म्हणून लोक मुद्दाम चिडवायचे. बुर्गी बिचारी अंडी हवीत म्हणून कोंबड्या पाळू म्हणायची, तर हा म्हणे, "या अंगणात कोंबडी आली तर मी निघालो."

म्हातारपणी गुडघे गेले. मुलगा म्युनिकला. तीन मजली घराचे जिने चढवेनात, तेव्हा त्याने ते बर्लिनच्या एका दंतवैद्याला विकलं. वुट्के त्याचं नाव. स्वतः शेताच्या कडेला बसकं, लाकडी घर बांधलं. नवंकोरं, बिननावाचं. सामान हलवताना कोर्बिनियन लहान पोरासारखा शीळ घालत होता.

"सुटलो गं बुर्गी," तो म्हणाला.

"नाव आहे ते, खरूज नव्हे," बुर्गी म्हणाली. "गेल्यावर कळेल."

आठवडाभरात वुट्के कोंबडीवाला झाला. आणि तो खुळा खूश! त्याने तर नावाचा टी-शर्ट छापून घेतला. इकडे कोर्बिनियन गुत्त्यात शिरला की रोजचं टेबल क्षणभर अडखळायचं. हाक कशी मारावी हेच कुणाला सुचेना. 'तो तिकडे शेताकडे राहतो तो' इतकं लांबलचक नाव बियरच्या टेबलावर कोण घेणार? मग लोक नुसती मान हलवायचे. त्याला वाटे, आपण जिवंतपणीच गावातून पुसले जातोय. बुर्गीपाशी मात्र ब्र काढला नाही.

सत्तरावा वाढदिवस आला. सत्तरी गाठलेल्याच्या दाराशी सकाळी बँड येऊन वाजवतो, ही आमच्याकडची रीतच. हा पहाटेपासून सणासुदीची चामड्याची चड्डी चढवून, मिशा मेणाने वळवून तयार. बियरचं पिंप फोडलेलं. बुर्गीचे केक ओळीने मांडलेले.

बँड वाजू लागला. पण लांब, चर्चच्या पलीकडे.

कोर्बिनियनचा चेहरा खर्रकन उतरला. कोंबडीवाल्याची सत्तरी म्हटल्यावर अख्खा बँड सवयीने थेट जुन्या घरी गेला होता! चाळिशीतला वुट्के पायजम्यात सज्ज्यात उभा राहून हात हलवत होता, बर्लिनच्या परक्या माणसाचं एवढं स्वागत म्हणून डोळे पुसत होता.

"बुर्गी, विसरले गं मला," कोर्बिनियन म्हणाला, आणि खुर्चीत कोसळला.

बुर्गीने कोपऱ्यातला ट्यूबा उचलून त्याच्या मांडीवर आदळला. "मग रडतोस काय? वाजव की."

खरंच की, तिकडच्या सुरावटीत खालचे सूर नव्हतेच. ते वाजवणारा इथे बसला होता. तो उठून दारात गेला, छाती भरून घेतली आणि असा काही घुमवला की शेतातल्या गाई हंबरल्या. पलीकडची धून मध्येच तुटली. मग सगळा बँड वाजवत वाजवतच शेतातून धावत सुटला, ढोलवाला चिखलात आपटला, आणि मागून पायजम्यातला वुट्के, आपल्याला का सोडून चालले ते विचारत!

बँडमास्तर धापा टाकत म्हणाला, "माफ कर, बाबा. पाय आपोआप तिकडेच वळले. इथल्या घराला नावच नाही रे."

त्यानंतरच्या बाजाराला कोर्बिनियनने पिंजराभर कोंबड्या आणल्या. बुर्गीने कमरेवर हात ठेवून विचारलं, हे काय? अंड्यांसाठी, म्हणून तो पुटपुटला आणि खुराडं ठोकायला बसला. वुट्केने खुशीने दाणे आणून दिले, नावावर मात्र पाणी सोडायला तयार होईना. शेवटी गुत्त्यात ठरलं की वुट्के जुन्या घरचा कोंबडीवाला आणि कोर्बिनियन खरा.

दुसऱ्या सकाळी कोर्बिनियन बेकरीत गेला. बेकरीवाली आता त्या पहिलीची सून. तिने पाव हातात देत म्हटलं, "काय कोंबडीवाले, झोप झाली का?"

तो पाव काखेत मारून बाहेर पडला. कोपऱ्यापर्यंत गेला, नाक शिंकरलं, परत फिरला, आणि नको असलेला आणखी एक पाव घ्यायला पुन्हा आत शिरला.