जयराम विशेचं पिवळं कार्ड

जयराम विशेबद्दल चांगलं सांगण्यासारखं एकच आहे, ते आधी सांगून टाकतो. डोझर त्याच्यासारखा आमच्या भागात कुणाला चालवता येत नसे. माळशेजच्या रस्त्यावर दरड आली की ठेकेदार त्याच्याच दारात जीप पाठवी. बाकी माणूस म्हणून तो काय होता, ते मी पंधरा वर्षं जवळून पाहिलं. त्यातलं एकही वर्ष असं नाही की त्याच्याबद्दलचं माझं मत सुधारावं.

मी रत्नदीप, वैशाखऱ्याच्या पुढच्या गावांना आरोग्य सेवक होतो. चिमाबाई नर्स आणि मी लशीचा डबा खांद्याला अडकवून घरोघर फिरायचो. जयराम ओट्यावर बसलेला असायचा. मला तो 'डागदर' म्हणे, मिशीतल्या मिशीत हसून. पाणी मागितलं तर द्यायचा, पण खुंटीवरचा एक वेगळा पेला होता त्यातून. मी ते पाणी पीत नसे. समोरच्या बायका पोरं घेऊन उठायला लागल्या की हा बसल्या जागेवरून सांगे, "सरकार फुकट देतंय म्हंजे त्यात कायतरी असनार. रातभर ताप येतो पोराला. आमी कधी सुया घेतल्या? मेलो का?" चारपाच बायका तेवढ्यावर परत बसत. एका शब्दाने तो आमचा आठवड्याचा घाम फुकट घालवी, आणि त्याला त्यात मजा वाटे.

त्याची मुलगी कुणाली ब्याण्णव सालची. तिला सुई लावायची नाही असा त्याचा हुकूम होता. त्याची बायको कमळ त्याच्यासमोर मान हलवायची, आणि लशीच्या दिवशी लाकडं आणायला जाते म्हणून पोरीला कडेवर घेऊन रानाच्या वाटेने चिमाबाईंच्या खोलीवर यायची. पोरगी रडून गप्प झाली की मगच घरी जायची. जाताना वाटेत खरंच लाकडं गोळा करायची, कारण मोळी नसती तर विचारणा झाली असती. कार्ड ती घरी नेऊ शकत नव्हती. ते चिमाबाईंच्या ट्रंकेत राहिलं.

सत्त्याण्णवमध्ये जयरामला युगांडात काम मिळालं. कल्याणच्या कुठल्याशा एजंटाने रस्त्याच्या कंत्राटासाठी माणसं जमवली होती. जयरामच्या अंगात परदेश आधीच शिरला. काळा चष्मा आला, सफारी शिवून झाली, आणि चहाच्या टपरीवर तो युगांडाच्या रस्त्यांविषयी असं बोलू लागला की जणू ते त्यानेच बांधले होते.

मी त्याला आपण होऊन गाठलं. ते माझं काम होतं. त्याला सांगितलं की त्या देशात पिवळा ताप आहे, त्याची लस जाण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते, ती मुंबईत ठरावीक ठिकाणीच मिळते आणि तिथे पिवळं कार्ड देतात. हिवतापाची गोळी दर आठवड्याला ठरल्या वारी घ्यायची, पाणी उकळून प्यायचं, मच्छरदाणी न्यायची, हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग टपरीवाल्याकडे बघत म्हणाला, "डागदर, मी डोंगर फोडनारा मानूस. मला डास काय करनार?"

पंधरा दिवसांनी त्याच टपरीवर त्याने कार्ड माझ्यासमोर टाकलं. शिक्का होता, सही होती, तारीख होती. सुई कुठे घेतली म्हणून विचारलं, तर तो मोठ्याने हसला.

"सुई तुमच्यासारख्यांना. आपलं काम एजंट घरपोच करतो."

मी हे कुणाला कळवलं नाही. कळवायला हवं होतं. तेव्हा मनात आलेली गोष्ट अजून आठवते. जाऊ दे, म्हटलं, भोगेल तिकडे. आरोग्य सेवकाच्या मनात असं येऊ नये, पण आलं.

दोन वर्षं त्याची पत्रं आली. कमळला वाचता येत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आणायची. पत्रात बायकोसाठी काही नसे. तिकडचे साहेब कसे त्याच्यावर खूश आहेत, डोंगराएवढी मशीन तो कशी एका हाताने फिरवतो, हेच असे. एक पत्र मात्र दुसऱ्याच्या अक्षरात आलं. हवा बदलल्यामुळे थोडा अशक्त आहे, काळजी नसावी, एवढ्या दोन ओळी. कमळने मला त्या पुन्हा वाचायला लावल्या. मग विचारलं, "भाऊ, हात मोडला का ह्यांचा?" मला कारण कळलं होतं, हिवताप. तिला म्हटलं, ताप असेल.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात तो सुट्टीवर यायचा होता. त्याने गावाला कळवलं होतं, विमानाची वेळसुद्धा. दोन जीप भरून माणसं दुपारीच विमानतळावर गेली. हार घेतले होते. बाकीचे प्रवासी आले, गेले, जयराम आला नाही. शेवटी एक पोलीस बाहेर येऊन सांगून गेला की तुमचा माणूस आत ठेवला आहे, आज सुटणार नाही. परतीच्या जीपमध्येच ठरून गेलं की जयरामने सोनं आणलं. गावाला त्यात लाज वाटली नाही, उलट त्याची किंमत थोडी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ माझ्या दारात. "भाऊ, तुमीच चला संगती. खरं काय ते मला कळू द्या."

विमानतळाजवळच्या एका इमारतीत त्याला ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. पिवळा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे घरोघर आहे. त्या देशातून येणाऱ्याकडे खरं कार्ड नसेल तर त्याला सहा दिवस वेगळं ठेवतात. जयरामचं कार्ड पाहून तपासनिसाने विचारलं होतं, कुठल्या दंडात टोचलं? हा आधी उजव्या म्हणाला, मग डाव्या. कार्डावरची तारीख रविवारची निघाली, आणि ज्या केंद्राचा शिक्का होता ते रविवारी बंद असे. मग तिकडे ताप आला होता का, असं विचारून त्यांनी रक्त तपासायला घ्यायचं ठरवलं. सुई दिसताच साडेपाच फूट उंचीचा, सफारीतला हा माणूस जमिनीवर बसला आणि त्याने टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. सोडवायला दोघे लागले. डॉक्टरीणबाई हे सांगताना हसल्या नाहीत. मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

जाळीच्या खिडकीतून त्याच्याशी बोलू दिलं. काळा चष्मा डोळ्यांवर होता. चेहरा निम्मा झाला होता, कातडी पिवळट. बायकोकडे बघून त्याने पहिली गोष्ट काय सांगावी? "गावात सांग, कंपनीचं काम हाय म्हनून थांबलोय."

कमळने त्याला विचारलं, "तिकडं आजारी पडला व्हतात?"

त्याने चष्मा सारखा केला. तिने पुन्हा विचारलं.

"तीनदा," तो म्हणाला. "एकदा शुद्ध नव्हती."

"आनि गोळ्या?"

"कडू व्हत्या."

कमळने जाळीला हात लावला. मग आवाज न चढवता म्हणाली, "कुणालीला मी समद्या सुया टोचल्यात. तुमाला न सांगता. एकबी चुकवली नाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्यानं शिकवलं तुला."

"मला कुनी शिकवाय नाय लागलं," ती म्हणाली, आणि तिथून निघाली.

परत येताना एसटीत मी उगाच त्याने टेबलाचा पाय धरल्याचा विषय काढला. वाटलं, तिलाही बरं वाटेल. तिने मला थांबवलं. म्हणाली, "घाबरला म्हनून राग नाय ओ भाऊ. सुईला मीबी घाबरते. पन सोताच्या भ्यापायी त्यानं मला चोर केली. पोरीला घेऊन मी चोरासारखी रानातनं यायची." माझं हसू तिथे संपलं. तिरस्कार मात्र संपला नाही, उलट त्याला आता नीट कारण मिळालं.

सहा दिवसांनी जयराम जीपमधून गावात उतरला. काय सांगत होता? सरकारने त्याला पाहुणा म्हणून ठेवलं होतं, आफ्रिकेतल्या कामाची माहिती विचारायला. ऐकणारे मान हलवत होते.

दोन महिन्यांनी परत जायचं तर आता खरी लस घेणं भाग होतं. कमळने सांगितलं म्हणून मी त्याला मुंबईच्या केंद्रावर घेऊन गेलो. रांगेत जहाजावरची पोरं होती, मुलाकडे निघालेलं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारी आत जाऊन दंड चोळत बाहेर आली, नवऱ्याला म्हणाली की काही नाही हो. जयरामचा नंबर पुढचा होता. तो म्हणाला, पान खाऊन येतो. केंद्र बंद होईपर्यंत मी थांबलो. गावात आलो तेव्हा तो ओट्यावर बसून चहा पीत होता. कंपनीचं कंत्राटच संपलं, असं त्याने शेजाऱ्याला सांगून टाकलं होतं. पुढे कुणी विचारलं तरी तेच. मग पुन्हा घाटात डोझर, पुन्हा दरडी, आणि टपरीवर युगांडा.

दोन हजार चार साली मुरबाडच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीला नैरोबीत बाळंतपणासाठी घरकामाला ओळखीची बाई हवी होती. कमळ त्यांच्याकडे पापड लाटायला जाई. त्यांनी विचारलं, ही हो म्हणाली. नवऱ्याला तिने सांगितलं, विचारलं नाही. त्याने दोन दिवस अन्न सोडलं, तिसऱ्या दिवशी जेवला.

ती माझ्याकडे आली ती लशीच्या आणि गोळीच्या तीन गोष्टी नीट विचारायलाच. कुठे, कोणत्या वारी, किती दिवस आधी. मी लिहून देत होतो तर म्हणाली, लिहू नका, सांगा, मी ध्यानात ठेवते. व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर जाऊन तिने लस घेतली. एक दिवस अंग तापलं, त्या दिवशीही तिने भातलावणीचं काम सोडलं नाही. हिवतापाच्या गोळीसाठी सोमवार ठरवला. आठ महिन्यांत एकही सोमवार चुकला नाही, हे तिने परत आल्यावर मला एकेक सोमवार मोजल्यासारखं सांगितलं. विमानतळावर तिचं कार्ड कुणीतरी उघडून पाहिलं, मिटलं, परत दिलं. तिला न्यायला गावातून कुणी गेलं नव्हतं. तिने कुणाला कळवलंच नव्हतं.

त्यानंतर ती आणखी दोनदा जाऊन आली. जयराम लोकांना सांगे की आफ्रिकेची वाट घरात त्यानेच दाखवली. दुसऱ्या खेपेनंतर कमळने कुणालीच्या शाळेसाठी मुरबाडला खोली घेतली आणि तिथेच राहिली. माझी बदली तानसाकडे झाली तरी मुरबाडला गेलो की मी तिच्याकडे चहा घेतो. जयराम महिन्यातून एकदोनदा तिथे येतो, दाराशी चपला काढतो, जेवतो, आणि संध्याकाळच्या एसटीने गावी परततो. तिने त्याला राहा म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.