कावळा, गिधाड आणि माझं बी.ए.

आमच्या घरची चूल लोकांच्या मरणावर पेटायची. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. नाशिकच्या शिवेवर दुसऱ्याची जमीन वाट्यानं करून वडील झेंडू आणि शेवंती लावायचे. आई ती फुलं घेऊन रामकुंडाजवळ बसायची, सोबत काळे तीळ, जव आणि दर्भ. सणाला झेंडू सगळेच विकतात; दहाव्याचं सामान बारमाही खपतं. तरी पावसाळ्यात फुलं सडली की दोन्ही वेळा भाकरी आणि ठेचा. आई ठेचा मुद्दाम जास्त तिखट वाटायची, म्हणजे चिमूटभरावर भाकरी सरायची.

धंद्याचा एक नियम होता: गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायचं नाही. शेजारी नव्यानं बसलेली एक मावशी सवयीनं तसं म्हणाली, तर गिऱ्हाइकानं घेतलेली फुलं तिथंच टाकली.

आमच्यात दहावीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. वडिलांनी मला कॉलेजात घातलं ते अट घालून. "एका जरी विषयात गचकलीस तर घरी. दुसऱ्यांदा फी भरायची ताकद नाय आपली." त्यात राग नव्हता. ऐपतच तेवढी होती.

नव्वदच्या दशकाची अखेर. शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र होतं. मॅडमनी प्रत्येकाला एकेक विषय दिला. वर्गापुढे उभं राहून बोलायचं, त्याचे मार्क निकालात धरणार. मला आला तिबेटमधला अंत्यविधी. लायब्ररीत शोधून शोधून एका इंग्रजी पुस्तकात दीड पान सापडलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्याचं मराठी केलं: आकाश-दफन.

आईला वाचून दाखवलं. ती दर्भाच्या जुड्या बांधत होती. "आकाशात खड्डा कोण खणतंय गं?"

मी सांगितलं, खड्डा नसतो, देह गिधाडांना देतात. आईनं जुडी खाली ठेवली. "गिधाडांना? अगं, शिवी हाय ती! वाटण्या झाल्या तवा तुझ्या चुलत्यांना मी हेच म्हणले होते."

एवढ्यावर वर्गात काय बोलणार? दीड पान आणि एक शिवी. मी रडकुंडीला आले, तेव्हा आईच म्हणाली, "थंडीत स्वेटर विकायला बसतात त्या बाया तिकडच्याच ना? चल, विचारू."

"असं कसं विचारायचं, आई?"

"मी विचारते. मयतीचं बोलायला मला कसली लाज? धंदाच हाय आपला."

स्वेटरवाली आईच्याच वयाची होती. कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं फडकं, हातात सुया, नजर गिऱ्हाइकावर. आईनं एक मरून रंगाचा स्वेटर उचलला, चोळून पाहिला, हुंगला, आणि मग आपल्या ठेवणीतल्या हिंदीत मुद्द्यावर आली.

"बहन, तुम लोगों में आखरी का कैसा रहता है?"

"आखरी एकीच भाव," स्वेटरवाली म्हणाली. "कम नहीं होगा."

"भाव नहीं. आखरी. मतलब, एक बार गया, तो फिर क्या करते?"

"गया तो गया. वापस नहीं लेगा. धोने के बाद तो बिलकुल नहीं."

आई माझ्याकडे वळली. "आंघोळ घालतात म्हंते. लिहून घे."

शेवटी मीच मध्ये पडले. "आंटी, आदमी मरने के बाद का पूछ रही है."

सुया थांबल्या. तिनं आईच्या हातातला स्वेटर काढून घेतला आणि घडी घालायला लागली. मागच्या थंडीत काही पोरं असंच विचारायला आली होती म्हणे. तिनं भोळेपणानं सांगितलं, तर तिच्यासमोरच हातांचे पंख करून नाचली. "तुम भी हँसेगा?"

ही गप्प बसली की माझं कॉलेज तिथंच संपलं.

आई मात्र तिच्या चटईवर बैठक मारून बसली. "हम कौवे के पाँव पड़ते, बहन. हम किस मुँह से हँसेंगे?"

आणि तिनं रामकुंडावरचा ताजा किस्सा काढला. एका म्हाताऱ्याचा दहावा. पिंड मांडला, कावळा काही शिवेना. मुलगे हात जोडून म्हणाले, आईला सांभाळू. कावळा ढिम्म. नातीचं लग्न थाटात करू. कावळ्यानं मान फिरवली. शेवटी म्हातारी पुढं झाली नि म्हणाली, "तुमच्या रेडिओला कुणाला हात लावू देणार नाय." झप्प करून कावळा आला!

"कौवा को रेडिओ समझता है?" स्वेटरवालीनं विचारलं.

"सब समझता है."

ती इतकी हसली की सुईवरचे टाके सुटले. मग तिनं सांगितलं, हळू आवाजात. लहानपणीच ती इकडं आली, कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत वाढली. इकडे ते लोकही दहनच करतात. पण तिच्या आजोबांना तिकडे, डोंगरावर नेलं होतं. पहाटे, प्रार्थना म्हणत. प्राण गेला की देह म्हणजे रिकामं घर. जाता जाता उपाशी जिवांचं पोट भरावं, हे शेवटचं पुण्य. तमाशा बघायला परक्यानं तिथं यायचं नसतं. "हमारी बोली में झातोर बोलते. पक्षी को दान."

"पक्षी आया ही नहीं तो?" आईनं विचारलं.

"तो घरवाले डरते. सोचते, कुछ अटका है."

आईनं माझ्या मांडीवर थाप मारली. "बघ! तिकडं पण अटकतंच!" आणि धंद्यातल्या माणसानं धंद्यातल्या माणसाला विचारावं तसं तिला विचारलं, "फिर तुम घास का पक्षी नहीं बनाते? हम बनाते, दर्भ का. मैं देऊँ क्या?"

स्वेटर घेतलाच. भाव मात्र एक पैसा उतरला नाही. निघताना स्वेटरवाली "फिर आना" म्हणाली, तशी आई दचकली, आणि मग स्वतःशीच हसली.

वर्गात मी फळ्यावर लिहिलं: झातोर, म्हणजे पाखरांचा घास. 'गिधाड' शब्द आला तशी मागच्या बाकावर खसखस पिकली. मी थांबले. म्हटलं, "ज्यांच्या घरी कावळ्याची वाट बघितली नाही, त्यांनी आधी हसून घ्या."

सिन्नरचा एक जण म्हणाला, "आमच्या आजोबांना तंबाखूची चिमूट ठेवल्यावर शिवला." इगतपुरीची मुलगी म्हणाली, "आमच्याकडं पावसात कावळाच घराबाहेर पडत नाही." मॅडम म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या वेळी तर..." आणि खोकल्या. तास कावळ्यांवरच संपायची वेळ आली. मी टेबल वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि डोंगरावरची ती पहाट सांगितली, जशी ऐकली होती तशी. कुणी हसलं नाही.

मॅडमनी मार्क चांगले दिले. उन्हाळ्यात निकाल लागला. मी सगळ्या विषयांत पास झाले. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली.