रुमालाखालचा सौदा

गोदाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. घोड्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून सांगायचं. बघ्यांना काही कळत नाही. मधेच हात काढला की सौदा मोडला. गोदाजीचा मेहुणा येऊन कानाशी बोलला, तरी मी हात काढला नाही. समोरच्या शिलेदाराशी सौदा पुरा करूनच उठलो... गोदाजीला हे कळलं असतं तर म्हणाला असता, "बरं केलंस. घोडी तरी खपली."

आम्ही दोघे अनवाणी पुण्यात आलो. दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करत धंदा शिकलो, मग भागीत घोडी विकू लागलो. चाळिशीला त्यानं नारायण पेठेसमोर, मुठेपलीकडे, जमिनीचा तुकडा घेतला आणि आंब्याच्या दोन कोयी पुरल्या.

"एक तुझी," म्हणाला.

"फळ धरेपर्यंत आपण असू का?"

"म्हणून तर आज लावतोय. आंबा आधी, पेरू नंतर, केळ अगदी शेवटी. पन्नाशीला मी इथं येऊन बसेन तेव्हा सगळं एकदम पिकायला हवं. म्हातारपण म्हणजे मोहीम नाही लेका, आदल्या दिवशी नाल ठोकून निघायला."

मी हसलो. दहा वर्षं गेली. दसऱ्याला फौज बाहेर पडते, त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या धंद्याचे. नेमक्या त्या दिवसांत त्यानं आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकला आणि माझी दोन बोटं दाबली. मी आजपासून थांबतो, तू दोन वर्षांत ये. मी पाच दाबली. त्यानं पुन्हा दोन. मी हात हिसडून काढला आणि भर बाजारात त्याला ऐतखाऊ म्हणालो. त्यानं दहा वर्षं आधी सांगून ठेवलं होतं, हे खरं. पण ऐन हंगामात पाठ फिरवणं ते फिरवणंच. तो राग अजून उतरलेला नाही, आणि मेलेल्या माणसावर राग धरून दमायला होतं.

पुढे दर वैशाखात माझ्या झाडाचे आंबे पाटी भरून घरी यायचे. मी पाटी तशीच परत पाठवायचो. अशी सात वर्षं.

यंदा श्रावणात वहिनींचा निरोप आला, येऊन जा. गेलो. त्या विहिरीपाशी होत्या.

"या भावजी. वाट चुकलात का?"

गोदाजी आंब्याखाली बाजेवर पडला होता. पेरू लगडलेले, केळीला घड, कुणी घेणार नाही अशी एक म्हातारी घोडी सावलीत उभी. सतरा वर्षांपूर्वी ठरवलेलं सगळं जागच्या जागी होतं. शेजारी दुसरी बाज, रिकामी.

त्यानं माझा हात गोधडीखाली ओढला आणि आपला हात नुसता मोकळा ठेवला, म्हणजे तू बोल. मी दोन बोटं दाबली. त्यानं एकच दाबलं. एक वर्ष. पहिल्या बोलीला मान तुकवणं माझ्या रक्तात नाही. मी दोनच धरून बसलो.

"कर घासाघीस," डोळे मिटून म्हणाला. "मी कुठं चाललोय..."

भाद्रपदात गेला.

तेरावा झाल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमची बाज हलवलेली नाही." हल्ली बाजार लवकर सोडतो. गुडघे दुखतात, नवी घोडी बघायचाही कंटाळा येतो. नदी उतरून जातो आणि त्या बाजेवर बसतो. उपरणं मांडीवर पसरलं की सवयीनं हात खाली जातो, आणि माझंच एक बोट मी दाबून धरतो. एकच.

काल वहिनींनी पाहिलं.

"काय ठरलं, भावजी?"

"तो म्हणाला तेच."

"मग काढा हात. जेवायला वाढलंय."

मी हो म्हणालो... हात मात्र तसाच ठेवला.